औरिस्तेलाचा गुरुवार

नदी एक, काठ दोन आणि अक्कल एकाही काठाला नाही, असं औरिस्तेला म्हणायची. अलीकडचा काठ एक्वादोरचा, पलीकडचा पेरूचा. अलीकडचा कोंबडा आरवला की पलीकडचं माणूस जागं व्हायचं, एवढंच काय ते अंतर. तरी या सीमेपायी दोन्ही सरकारांनी तीन लढाया केल्या आणि तिन्ही वेळा काठावरच्या लोकांना कुणी विचारलं नाही. काठावरचे लोक एकमेकांना नावं ठेवायचे ती मात्र हौसेने. पलीकडचे अलीकडच्यांना माकडं म्हणत, अलीकडचे पलीकडच्यांना कोंबड्या म्हणत, आणि लग्नाच्या जेवणात माकडं न् कोंबड्या एकाच बाकावर बसत.

एलादियो रोसिल्यो अलीकडचा, एल ग्वाबो गावचा. त्याची धर्मआई औरिस्तेला मात्र पलीकडची, पेन्या ब्लांकाची. यात नवल काही नव्हतं. पाद्री वर्षातून दोनदा यायचा, तोही पलीकडच्या चर्चमध्ये. मग अलीकडची पोरं दोराच्या तराफ्यावरून बाप्तिस्म्याला न्यायची आणि तिथेच जी बरी बाई दिसेल तिच्या हातात द्यायची. अशाने अर्ध्या गावाचे धर्मआईबाप शत्रूच्या देशात होते. बहुतेक धर्मआया नाताळला एक सदरा देऊन मोकळ्या होत. पण एलादियो सहा वर्षांचा असताना त्याची आई तापाने गेली आणि औरिस्तेलाने आपलं नातं मनावर घेतलं.

तेव्हापासून दर गुरुवारी ती कडक गोल पावांची टोपली घेऊन नदी ओलांडायची. नदी पायी ओलांडायच्या उताराच्या तोंडाशी ग्वाबोचं झाड होतं, त्याच्या नावावरूनच गावाला नाव पडलेलं. त्याच्या सावलीत बसून ती पोराला हाक मारायची. आधी हात पुढे करायला लावायची. नखं काळी दिसली की, "जा, नदीवर जा, डुकराच्या हातात पाव देत नाही मी." हात धुऊन आला की दोन पाव. उरलेले गावात विकायची आणि परत जायची. तेरा वर्षांत तिने एक गुरुवार चुकवला नाही, अगदी स्वतःचा नवरा पुरला त्या आठवड्यातही नाही.

पंच्याण्णव साली तिसरी लढाई लागली तेव्हा एलादियो एकोणीस वर्षांचा होता आणि लष्करात सक्तीची चाकरी करत होता. इथला वाटाड्या हवा म्हणून त्याच्या तुकडीला त्याच्याच गावी पाठवलं. तराफ्याचा दोर तोडला. सार्जंटने सात सुरुंग दिले, प्लॅस्टिकचे, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढे. सहा वरच्या अंगाला दगडांमध्ये, जिथून फौजच उतरेल अशा जागी. सातवा ग्वाबोच्या बुंध्याशी, कारण तिथे गावचा उतार. सार्जंट कागदावर फुल्या मारत होता. सातवी फुली मारून तो म्हणाला, "हा पुरून ये आणि मग जेव."

एलादियो झाडाखाली उकिडवा बसला. खड्डा खणला. आणि त्याला दिसली ती गुरुवारची टोपली. लढाई असो नाहीतर प्रलय, धर्मआई गुरुवार चुकवणारी बाई नव्हे. तराफा नसला तर परकर खोचून कंबरभर पाण्यातून येईल आणि नेमकी इथे टेकेल. त्याने खड्डा बुजवला. तीसेक पावलं वर बांबूची घळ होती. तिथे सापांच्या भीतीने माणूस जात नसे, शेळी जात नसे, देवसुद्धा वळसा घालून जात असेल. तिथे त्याने सातवा पुरला, शेजारच्या बांबूवर कोयत्याने तीन खुणा केल्या आणि जाऊन जेवला. उभ्या आयुष्यात आपण एक तरी बरं काम केलं, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं.

पुढे तह झाला. अठ्ठ्याण्णव साली मोठ्या माणसांनी सह्या केल्या, हात मिळवले, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडचे लष्करी इंजिनिअर एकत्र येऊन सुरुंग काढू लागले. फुल्यांचा कागद हातात होता. सहा मिळाले. सातवा मिळेना. ग्वाबोच्या मुळांभोवती त्यांनी आठवडाभर टोचून पाहिलं. शेवटी ठरलं की मागच्या मोठ्या पावसाळ्यात नदी झाडाच्या कमरेपर्यंत चढली होती, तेव्हा तो वाहून गेला. कागदावर शिक्का बसला: जमीन स्वच्छ.

एलादियोने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. पण तो आधी एकटाच घळीत गेला, खुणा शोधायला. बांबूवर खूण करणारा शहाणा! बांबू वाळतो, पडतो, नवा येतो; पाच वर्षांत तिथे ओळखीचा एक दांडा उरला नव्हता. शिवाय पावसाने घळीची अर्धी कड ढासळून खाली गेलेली. त्याने स्वतःची समजूत घातली की दरड गेली तसा सुरुंगही गेला. हुकूम मोडल्याची शिक्षा काय असते हे त्याने बराकीत पाहिलं होतं. घरी बायकोला सातवा महिना होता. आणि नाहीतरी घळीत जातंय कोण?

घळीत कोण जाणार ते पुढच्या वर्षी कळलं.

दोन्ही देशांच्या मदतीतून काठावर कॉफी धुण्याचं केंद्र व्हायचं ठरलं. दोन गावांनी मिळून चालवायचं. कॉफीची फळं सोलायचं यंत्र पेन्या ब्लांकाचं, हौद आणि जागा एल ग्वाबोची, पाणी दोघांचं. आजवर दोन्ही गावं आपापली कॉफी अंगणात वाळवून मिळेल त्या भावाला दलालाच्या घशात घालत होती. एकत्र धुतलेली, एकसारखी वाळवलेली कॉफी परदेशात जाईल, असं तालुक्याहून आलेल्या इंजिनिअरबाई सांगत होत्या. हे सगळं घडवून आणण्यासाठी घरोघरी पायपीट केली ती औरिस्तेलाने. बासष्ट वर्षांची बाई, एक गुडघा कायमचा सुजलेला, पण तिने दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना अक्षरशः कान धरून एका बाकावर बसवलं.

"माझं धर्माचं लेकरू त्या काठावर आणि मी या काठावर," ती सभेत म्हणाली, "आणि मध्ये सरकार. आता मध्ये कॉफी राहू दे. कॉफी वाईट निघाली तर निदान ओतून तरी देता येते."

सगळे हसले. मग इंजिनिअरबाईंनी नळाचा नकाशा उलगडला. स्वच्छ पाण्याचा झरा वर टेकडीत होता आणि नळ येणार होता सरळ घळीतून.

एलादियो बाकावरून उठला. "घळीतून नको," तो म्हणाला. "पायवाटेने आणा. लांब पडेल, पण..."

"पायवाट पुरात जाते," बाई म्हणाल्या.

"घळीत साप आहेत."

पलीकडचा फिदेंसियोबाबा, केंद्राचा अध्यक्ष, टोपी मागे सारून हसला. "अरे, माकड असून बांबूला भितोस? मग आम्ही कोंबड्यांनी काय करावं?"

हशात विषय संपला. सभा उठल्यावर एलादियो धर्मआईच्या मागे तराफ्यापर्यंत गेला. सांगायचं असं ठरवूनच गेला. पण ती त्याचा हात धरून म्हणाली, "पोरा, त्या लढाईनंतर मला वाटलं होतं की मी आता तुझ्यावाचून एकटीच मरणार. आता एकाच हौदात तुझी कॉफी आणि माझी कॉफी. कळेल का तिला, कोण कुठली?" तिचे डोळे भरून आले होते. जमीन स्वच्छ नाही असं कळलं असतं तर शिक्का रद्द, मदत रद्द, केंद्र दुसऱ्या गावाला. एलादियो म्हणाला, "नाही कळणार, धर्मआई." आणि घरी आला.

मग त्याने आपल्या परीने केलं. साप हुसकतो असं सांगून तो तीन दिवस एकटा घळीत राबला. लष्करात शिकवल्याप्रमाणे लोखंडी सळई तिरपी धरून वीतवीत जमीन टोचत गेला. नळाचा सगळा पट्टा, दोन्ही अंगांना हातभर. काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सळई फेकली आणि मातीत तोंड घालून रडला. सुटलो, असंच त्याला वाटलं.

सगळ्यांनी मिळून नळ टाकायचा, त्या इर्जिकीचा दिवस ठरला. घरटी एक माणूस, दोन्ही काठांवरून. कुदळी, कोयते, खांद्यावर नळ. सगळ्यात पुढे एलादियो स्वतः चालला, काही व्हायचंच तर आपल्याला होऊ दे म्हणून. दुपारपर्यंत निम्मा नळ पडला. बायका खाली ग्वाबोच्या सावलीत कसाव्याचे कंद उकडत होत्या, शेंगदाण्याची चटणी वाटत होत्या. हाका मारल्यावर वर नळ हलवणारे चारजण सोडून सगळे जेवायला उतरले. एलादियोही उतरला नाही. पट्टा पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून तो वरच थांबला.

"त्याचं पान इथे आणि तो तिथे," औरिस्तेला म्हणाली. "लहानपणापासून असाच. हाकेला ओ नाही." तिने डब्यात कसावा घातला, वर दोन पाव ठेवले आणि लंगडत घळीत चढू लागली. वरून ते चारजण एक लांब नळ वळवून खाली आणत होते. वाट अरुंद. "बाजूला, मावशी!" ते ओरडले. ती वाट द्यायला बाजूला झाली. चारच पावलं, दरडीच्या मऊ मातीवर.

आवाज फार मोठा झाला नाही. टेकडीने तो गिळला आणि मग बांबूंत पाखरं उडाली.

जवळचं इस्पितळ पलीकडे, सान इग्नासियोला, अडीच तासांवर. एलादियोने आपला सदरा फाडून तिची मांडी आवळून बांधली आणि तिला उचलून तराफ्यावर आणलं. तराफेवाला रडत रडत दोर ओढत होता. पलीकडून तिची मुलगी नेलिदा गाडीवाल्याच्या नावाने ओरडत धावत येताना दिसत होती. नदी तेवढीच, पण त्या दिवशी ती संपेना. औरिस्तेलाचं डोकं एलादियोच्या मांडीवर होतं. चेहरा पिठासारखा, पण शुद्ध होती.

"तिथे कोण कशाला पुरेल रे?" ती म्हणाली. "तिथे तर कुणी जातच नाही."

एलादियोने तिच्या कानाशी तोंड नेलं. "धर्मआई, तो माझा आहे. मला झाडाखाली पुरायला सांगितला होता. तुझ्या झाडाखाली. तू गुरुवारी येशील म्हणून मी तो उचलून घळीत नेला. घळीत कुणी येत नव्हतं गं. म्हणून."

तिने त्याच्याकडे मान वळवली. दोराची चाकं करकरत होती.

"मग बरं केलंस," ती म्हणाली.

"काय बरं केलं?"

"आले होते ना मी. लढाईत. दोन गुरुवार आले. परकर खोचून आले उतारातून. झाडाखाली बसले घटकाभर. म्हटलं, पोरगा कुठे दिसतो का. नाही दिसलास. पाव तसेच परत नेले." तिने श्वास घेतला. "तेव्हाच गेले असते मी. सहा वर्षं जास्तीची दिलीस तू मला. कळलं का? रडू नकोस. नाक पूस."

त्याने नाक पुसलं. पलीकडे तिला गाडीत चढवलं. सान इग्नासियोच्या अलीकडे, चढावर, ती गेली.

त्यानंतर नऊ दिवसांची प्रार्थना. घर औरिस्तेलाचं, अंगणात दोन्ही काठ. पहिले दोन दिवस सगळे एकत्र रडले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, सुरुंग कुणाचा? आणि मग जे सुरू झालं ते लढाईतही झालं नव्हतं. पलीकडचे म्हणाले, तुमच्या काठावरचा, म्हणजे तुमचाच. अलीकडचे म्हणाले, आमचे सात कागदावर आहेत, हा आठवा तुम्हीच चोरून लावलात. माकडं आणि कोंबड्या हे शब्द पुन्हा अंगणात आले, पण आता हसत नव्हतं कुणी. एलादियो रोज यायचा, मागच्या भिंतीशी उभा राहायचा आणि रोज गप्प परत जायचा. तिचे शब्द तेवढे त्याने उराशी धरले होते. सहा वर्षं जास्तीची. त्यावरच तो जगत होता.

नवव्या दिवशी दुपारी प्रार्थना संपली तसा फिदेंसियोबाबा उठला. "सोलायचं यंत्र आमचं आहे," तो म्हणाला. "उद्या आम्ही ते तराफ्यावर चढवतो. तुमचा हौद तुम्हाला, आमची मेलेली आम्हाला."

"न्या की! अडवलंय कुणी?" अलीकडचा एकजण ओरडला. "पहिल्यापासून खोटेच तुम्ही!"

एलादियो भिंतीपासून सुटला आणि मधे येऊन उभा राहिला. 

"सातवाच आहे तो," तो म्हणाला. "मी पुरला. पेरूचा नाही, नदीने नेलेलाही नाही. मला ग्वाबोखाली पुरायला सांगितला होता. धर्मआई तिथे बसते म्हणून मी घळीत पुरला. नंतर मला सापडला नाही आणि मी बोललो नाही. मला काय करायचं ते करा. यंत्र नेऊ नका. तिने ते दारोदार फिरून आणलंय."

 नेलिदा कॉफीचे पेले घेऊन आली होती. तिने तबक खाली ठेवलं.

"कुणासाठी म्हणालास?"

"धर्मआईसाठी. ती गुरुवारी..."

"लढाईत?" नेलिदाचा आवाज चिरकला. "लढाईत आई इथे होतीच कुठे? पहिली तोफ ऐकली त्याच दिवशी मामा येऊन तिला लांब हाएन शहरात घेऊन गेला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता तिचा, अंथरुणातून उठवत नव्हतं. तीन महिने तिकडे! झाडाखाली ठेवला असतास ना, तर त्या लष्करवाल्यांनी बाकीच्या सहांबरोबर अर्ध्या तासात उकरून काढला असता. माझी आई आज पाव भाजत असती!"

एलादियोला तिचं बोलणं ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. "पण तीच म्हणाली," तो म्हणाला. "तराफ्यावर. दोन गुरुवार आले होते म्हणाली. परकर खोचून. झाडाखाली बसले आणि पाव तसेच परत नेले म्हणाली. तू मला सहा वर्षं दिलीस, असं म्हणाली, नेलिदा."

नेलिदाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.  आणि मग एलादियोला कळलं. पाय गेलेला, रक्त थांबत नव्हतं, आणि त्या वेळी ती बाई दोन गुरुवार रचत बसली होती, त्याच्यासाठी. हातात एवढंसं काही तरी द्यावं म्हणून. तो होता तिथेच खाली बसला. पोटातून हंबरडा आला, तो त्याला आवरला नाही.

"आणखी काय म्हणाली?" नेलिदाने विचारलं, हळू.

"नाक पूस म्हणाली."

नेलिदाने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला आणि ती रडली. नऊ दिवसांत ती लोकांसमोर पहिल्यांदाच रडत होती. बायकांनी तिला धरलं. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि अंगणभर बघितलं.

"आई म्हणाली ना, मग ती आली होती," ती म्हणाली. "दोन गुरुवार आली होती. या अंगणात पुन्हा कुणी उलटं बोलायचं नाही. मीही नाही."

फिदेंसियोबाबा टोपी हातात फिरवत उभा होता. म्हातारा चिडका, पण दगड नव्हे. "यंत्र राहू दे," तो म्हणाला. "कॉफी घ्या. गार होतेय."

लष्कराला कळवायचं ते एलादियोने स्वतः जाऊन कळवलं. ते पुन्हा आले, सगळी घळ चाळून गेले आणि पुढची चौकशी कधीतरी होईल असं सांगून गेले. कॉफी मात्र झाडावर थांबत नाही. पुढच्या आठवड्यात उरलेल्या नळासाठी इर्जीक झाली. एलादियोला कुणी बोलावलं नाही. तो गेला. त्याच्याशी कुणी बोललं नाही आणि त्याच्या हातातली कुदळही कुणी काढून घेतली नाही. दुपारी वरच्या झऱ्याचं पाणी नळातून खळखळत खाली उतरलं आणि हौदात पडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात तराफ्यावरून नेलिदा आली. डोक्यावर आईची टोपली. ती घळीकडे वळली नाही. ग्वाबोच्या सावलीत टोपली ठेवून तिने तिथूनच हाक मारली.

"खाली येऊन खा रे! आता वर कुणी आणून देणार नाही."

हाक कुणाला होती ते सगळ्यांना कळलं. एलादियो उतरला. टोपलीत कडक गोल पाव होते. जरा जास्त भाजलेले, धर्मआईच्या हाताचे नव्हेत. त्याच्या लक्षात आलं, आज गुरुवार आहे. तो आधी नदीवर गेला. वाळूने घासून हात स्वच्छ धुतले, नखांतली माती काढली. झाडाखाली परत आला आणि सवयीने दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

नेलिदा बाकीच्यांना पाव वाटत होती. नखं बघणारं आता कुणी नव्हतं; त्याचे हात तसेच पुढे राहिले, ओले.